शेपूट गेलं, आता भूक लागेल

पत्र:

नमस्कार. आमच्या बागेच्या कोपऱ्यात गुडघाभर खोल, सरळ भिंतींचं एक जुनं सिमेंटचं टाकं आहे. यंदा त्यात बेडकांनी अंडी घातली. माझी आठ वर्षांची मुलगी शाळेतून आली की दप्तर टाकून आधी टाक्यापाशी धावते. बेडूकमाशांना आम्ही माशांचं खाद्य आणि उकडलेल्या अंड्याचा बलक घालत होतो. मागच्या आठवड्यात काहींना चारही पाय फुटले. मांजर खाईल या भीतीनं अकरा पिल्लं उचलून प्लास्टिकच्या डब्यात दोन बोटं पाण्यात ठेवली. ब्रेडचा चुरा, बलक, मेलेली माशी असं सगळं देऊन पाहिलं, पण ती तोंडच लावत नाहीत. चार मेली. उरलेल्या सातांची शेपटी आता जवळजवळ नाहीशी झाली आहे. टाक्यात काही बेडूकमाशांना अजून पायही नाहीत, आणि जी मोठी होती ती दिसेनाशी झालीत. शेजारी म्हणतात, डास होतील, सगळी तळ्यात सोडून या आणि टाकं रिकामं करा. नवऱ्याला गुलाबावरच्या माव्यावर औषध मारायचं आहे. मुलगी विचारते, आई, आपलं चुकलं का? काय सांगू?

उत्तर:

ताई,

मुलीच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो. हो, एका ठिकाणी चुकलं. पण तुम्हाला वाटतंय तिथं नाही. ती चार पिल्लं उपाशी मेली नसावीत. बहुधा बुडाली.

बेडूक कसा बुडेल, असं तुम्ही म्हणाल. बेडूकमासा कल्ल्यांनी श्वास घेतो. पुढचे पाय बाहेर पडतात त्या सुमारास कल्ले आटत जातात आणि श्वासाचा भार फुफ्फुसांवर येतो. ते काही दिवस त्याचे फार हालाचे असतात. मागे लोंबत्या शेपटीमुळे जमिनीवर नीट उडी मारता येत नाही, आणि पाण्यात राहावं तर सारखं वर येऊन हवा घ्यावी लागते. टेकायला दगड, काडी, पान काही मिळालं नाही तर पोहून पोहून दमतो. तुम्हाला दोन बोटं वाटणारं पाणी नखाएवढ्या जिवाला विहिरीसारखं असतं, आणि डब्याच्या भिंती गुळगुळीत.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. पहिल्यांदा बागेत टब पुरला तेव्हा मीही त्याच्या कडा सरळ उभ्या ठेवल्या होत्या, दिसायला नीटनेटक्या. एका सकाळी सात पिल्लं पाण्यावर तरंगताना दिसली. झाडाची एक वाळकी फांदी आत टाकायला मला अर्धा मिनिट लागला असता. तेव्हापासून टब असो, हौद असो की बादली, तिरकी फळी टाकल्याशिवाय मी उघड्यावर पाणी ठेवत नाही.

तेव्हा पहिलं काम टाक्याचं. एक खडबडीत फळी किंवा साल न काढलेलं ओंडकं असं टेकवा की त्याचं एक टोक पाण्याखाली आणि दुसरं काठावर येईल. चढ हलका हवा. एका कोपऱ्यात दगड रचून पाण्याबाहेर डोकावणारा उतार केलात तर आणखी बरं. दोन-तीन वाटा असल्या तर उत्तमच, कारण पिल्लू भिंतीच्या कडेकडेनं पोहत वाट शोधतं आणि समोरच्या कोपऱ्यातली फळी त्याला दिसतेच असं नाही.

आता न खाण्याचं. शेपूट आक्रसत असताना पिल्लं खात नाहीत, आणि त्यांना खाता येतही नाही. बेडूकमाशाला शेवाळ खरवडायला शिंगासारखी टणक इवली चोच असते. ती या काळात गळून जाते, तोंड रुंदावतं, जीभ तयार होते. पाला पचवणारं लांबलचक गुंडाळलेलं आतडं आखडून मांसाहाराला लागेल इतकंच उरतं. म्हणजे घराचं स्वयंपाकघर पाडून नवं बांधायचं काम चालू असतं. तोवर पोट भरायचं कशावर? शेपटीवर. शेपूट तुटून पडत नाही, शरीर ते हळूहळू आत जिरवून घेतं. ती त्यांची शिदोरी असते. तुमच्या सातांची शिदोरी आता संपत आली आहे, त्यामुळे खरी भूक यापुढे लागेल. म्हणून तुमचं पत्र अगदी वेळेवर आलं असं मी म्हणेन.

पाय न फुटलेल्यांचीही काळजी नको. एकाच पुंजक्यातली अंडी असली तरी सगळे एकदम बेडूक होत नाहीत. हा सगळा कारभार थायरॉइडच्या संप्रेरकावर चालतो. १९१२ साली गुडरनाच या शास्त्रज्ञांनी बेडूकमाशांना थायरॉइड ग्रंथीचे तुकडे खाऊ घातले, तर ते वेळेच्या कितीतरी आधी इवलेसे बेडूक झाले. निसर्गात मात्र पाणी गार असलं, गर्दी असली, खाणं कमी पडलं की हे काम लांबतं. उलट डबकं आटू लागलं की अनेक जातींचे बेडूकमासे घाई करतात आणि नेहमीपेक्षा लहान अंगानं बाहेर पडतात. मागे राहिलेल्यांना खायला घालून पळवायला जाऊ नका. बलक तर आजच बंद करा. तो पाण्यात कुजतो, पाण्यातला प्राणवायू संपवतो, आणि सकाळी सगळेच वर येऊन तोंडं उघडताना दिसतात. टाक्याच्या भिंतीवर हिरवी बुळबुळ आहे ना? त्यांचं ताट तेच आहे. भिंती घासून स्वच्छ करायचा मोह आवरा. शेवाळ अगदीच नसेल तर एखादं कोवळं पान उकडून, गार करून, नखाएवढं टाका आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी काढून घ्या. माशांच्या खाद्याची चिमूट कधीतरी पडली तर बिघडत नाही, पण ती रोजची नको.

मेलेली माशी पिल्लांनी का नाकारली, हे मुलीला जरूर सांगा, तिला आवडेल. बेडकाच्या डोळ्याला स्थिर वस्तूंचं फारसं पडलेलं नसतं. लेटविन हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये दाखवून दिलं की बेडकाच्या डोळ्यातल्या काही तंतूंना फक्त लहान, गडद, हलत्या ठिपक्याचीच दखल असते. त्या तंतूंतून मेंदूपर्यंत निरोप जातो तो त्याचाच. म्हणून मेलेल्या माश्यांच्या ढिगात बसूनही बेडूक उपाशी राहू शकतो. ब्रेडचा चुरा त्याच्या लेखी माती. आणि घास गिळताना तो डोळे मिटतो, ते चवीनं नव्हे: बुबुळं आत ओढून तो घास घशाखाली ढकलतो. नीट पाहिलंत तर मुलीलाही दिसेल.

तर घास जिवंत हवा, हलता हवा आणि लहान हवा. किती लहान? पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढा, त्याहून मोठा नको. आत्ता ते अंतर म्हणजे मोहरीच्या दाण्याइतकं असेल. घरमाशीसुद्धा त्याला म्हशीएवढी. मग त्याच्या मापाचं मिळतं कुठं? ओल्या पालापाचोळ्याखाली. तिथली मूठभर कुजकी पानं पांढऱ्या कागदावर झटकून बघा. पांढुरके, करडे, टुणकन उडणारे कण दिसतील. ते स्प्रिंगटेल. त्यांच्यासोबत सुईच्या टोकाएवढ्या माइट, नुकते जन्मलेले कोळी, बारीक अळ्या, चिलटं. पिल्लांचं खाणं हे. चमच्यानं भरवण्याजोगं यात काहीच नाही, पण तुम्ही ते वाढवू शकता, आणि माझ्या मते तुमच्या हातात एवढंच आहे: पिल्लाला भरवू नका, बागेला खाऊ घाला.

बागेला खाऊ घालणं म्हणजे पाचोळा झाडून जाळायचा नाही. टाक्याभोवती आणि झुडपांखाली तो वीतभर साचू द्यायचा, आणि कोरडा पडला तर संध्याकाळी पाणी शिंपडायचं. कुजत चाललेली दोन-तीन लाकडं एकावर एक ठेवायची आणि ती पुन्हा हलवायची नाहीत. ओल्या कचऱ्याचं खत करत असाल तर तो ढीग टाक्याजवळच्या सावलीत आणा. त्याच्याभोवती जेवढे किडे फिरतात तेवढे गुलाबाच्या ताटव्यात फिरत नाहीत. अगदीच काहीतरी स्वतः केल्याचं समाधान हवं असेल (मला हवं असतं, म्हणून सांगतो) तर एका बरणीत जास्त पिकलेल्या फळाची साल घाला, झाकणाला खिळ्यानं चार-पाच भोकं पाडा आणि बरणी झुडपाखाली आडवी ठेवा. दोन-तीन दिवसांत चिलटं येतील, अंडी घालतील, आणि मग भोकांतून चिलटांची ये-जा चालू राहील. भोकं पिल्लू आत जाणार नाही एवढीच असू द्या. संध्याकाळी बरणीच्या तोंडाशी पिल्लं येऊन बसलेली मी पाहिली आहेत, दुकान उघडायची वाट बघावी तशी.

आता यजमानांच्या औषधाबद्दल. गुलाबावरचा मावा हा मऊ, सावकाश चालणारा, मोहरीहून लहान किडा. म्हणजे तुमच्या पिल्लांना हवा तोच घास, आणि तोच मारायचा बेत चालला आहे. नुसता घास जातो एवढंच असतं तरी मी इतका अडून बसलो नसतो. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, पोटाच्या आणि मांड्यांच्या कातडीतून ते शोषून घेतो. त्याच ओल्या कातडीतून श्वासही घेतो. पानावरून ठिबकलेलं औषध मातीत पडलं आणि त्यावर पिल्लू बसलं की ते थेट त्याच्या अंगात जातं. तणनाशकांचं तर आणखी एक आहे: द्रावण पानाला चिकटावं म्हणून त्यात जे साबणासारखे पदार्थ घालतात, त्यांतले काही बेडूकमाशांना जबर विषारी असतात. तेव्हा ‘आम्ही फक्त साबणाचं पाणी मारतो’ हेही टाक्याजवळ नको. डब्यावर ‘नैसर्गिक’ असं छापलं असलं तरी नको. मावा फार झाला तर पाण्याची जोरदार धार मारून पाडा. खाली पडलेला मावा पुन्हा चढायच्या आत कुणीतरी गट्टम करेल. गोगलगायींसाठी टाकायच्या विषारी गोळ्या आणि मीठ, दोन्ही बागेतून हद्दपार करा.

डासांचा मुद्दा मात्र शेजाऱ्यांचा अगदी गैर नाही. बेडूकमासे डासांच्या अळ्या फस्त करतात असं सर्रास सांगितलं जातं, पण बहुतेक जातींचे बेडूकमासे शेवाळ खरवडण्यात दंग असतात. काही जाती अळ्या खातात, पण त्या भरवशावर टाकं सोडू नये. चहाच्या गाळणीला लांब काडी बांधा आणि दर दोन-तीन दिवसांनी पृष्ठभागावरच्या अळ्या गाळून काढा. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दीड आठवडा लागतो, त्यामुळे एवढं पुरतं. मुलीला हे काम द्या, ती तुमच्यापेक्षा चोख करेल. मासे मात्र सोडू नका. ते अळ्या खातील, आणि सोबत पुढच्या वर्षीची बेडकांची अंडीही. टाक्यात चतुराची अळी दिसली तर दचकू नका. ती डासांच्या अळ्याही खाते आणि बेडूकमासेही. तिला काढायचं की ठेवायचं यावर आमच्या घरी दरवर्षी वाद होतो. मी ठेवतो.

पाणी कमी झालं तर पावसाचं साठवलेलं घाला. नळाचं असेल तर उघड्या भांड्यात दिवसभर ठेवून मग, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जातो. पण तुमच्या नळाला क्लोरामिन घातलेलं पाणी येत असेल तर ते असं उडत नाही, मग पावसाचंच बरं. आणि एकदम सगळं पाणी बदलायचं नाही, थोडं थोडं भर घालायची.

तळ्यात सोडून यायचं? नको. अजिबात नको. उभयचरांच्या कातडीला होणाऱ्या कायट्रिड बुरशीनं जगभर कहर केला आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार तिच्यामुळे किमान ५०१ जाती घटल्या आणि त्यांतल्या ९० नामशेष झाल्या असाव्यात. ही बुरशी पाण्यातून, चिखलातून, बेडकांच्या अंगावरून एका पाणवठ्यावरून दुसऱ्यावर जाते. तुमच्या टाक्यात ती असेलच असं मी म्हणत नाही, पण बादलीभर पाणी आणि डझनभर पिल्लं उचलून दुसरीकडे ओतणं ही तिची आवडती वाहतूक. जिथं जन्मली तिथंच राहू द्या. टाक्यातून आणखी कुणाला देऊ नका, आणि बाहेरून हौसेनं आणूही नका. ऑस्ट्रेलियात १९३५ साली उसाचे भुंगेरे खातील म्हणून मुद्दाम केन टोड नावाचे मोठे बेडूक आणले. भुंगेरे राहिले बाजूला, टोड मात्र अजून पसरतायत.

‘दिसेनाशी झालीत’ असं तुम्ही हळहळून लिहिलंय. ती मेली असतील असं नाही. शेपूट जिरलं की पिल्लं पाणी सोडतात, आणि त्यातही पावसाळी, दमट रात्र निवडतात. चढायला खडबडीत जागा असेल तर काही त्या भिंतींवरूनही निसटली असतील. दिवसा ती कुठं असतात? उलट्या पडलेल्या कुंडीखाली, नळाच्या ओलीत, पाचोळ्यात. म्हणून दोन-तीन फुटक्या कुंड्या पालथ्या घाला, ओठाशी दोन बोटांची फट ठेवून. टाक्याभोवतालचं गवत महिनाभर कापू नका. कापावंच लागलं तर आधी काठीनं ढवळून घ्या आणि उंच पात्यावर कापा. मांजराला अंधार पडल्यावर आत घ्या, कारण पिल्लांची वर्दळ तेव्हाच सुरू होते.

आणि तरीही बरीचशी मरतील. हे लपवून उपयोग नाही, मुलीपासूनही नाही. बेडकीण शेकड्यांनी, काही जातींत हजारांनी अंडी घालते, आणि त्यातली मोजकीच पुन्हा अंडी घालण्याच्या वयाला पोचतात. पक्षी, साप, कोळी, मोठे बेडूक, सगळ्यांचा त्यावर डोळा असतो. कोरडी हवा तर आहेच. तुमची चार गेली त्याचं वाईट वाटणं साहजिक आहे. पण टाक्यातून आलेली सगळीच जगली असती तर पुढच्या वर्षी तुम्हाला बागेत पाय ठेवायला जागा उरली नसती, हे तिला सांगून बघा. आठ वर्षांच्या मुलांना असले हिशेब मोठ्यांपेक्षा लवकर पटतात.

हाताळण्याबद्दल थोडक्यात. उचलावंच लागलं तर हात साध्या पाण्यानं ओले करून उचला. हातावर साबण, क्रीम, डास पळवायचं मलम काही नको. नंतर मात्र साबणानं स्वच्छ धुवा, कारण बेडकांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. बेडकाला हात लावल्यानं चामखीळ येते ही समजूत खोटी, चामखीळ माणसांच्याच एका विषाणूमुळे येते. घरात कुत्रा असेल आणि त्यानं खरखरीत कातडीचा, डोळ्यांमागे फुगीर गाठी असलेला बेडूक तोंडात धरला, तर तोंडाला फेस येऊ शकतो. तोंड वाहत्या पाण्यानं धुवा, पाणी त्याच्या घशात जाऊ न देता, आणि डॉक्टरांना गाठा.

आता डब्यातली सात. आज संध्याकाळपर्यंत त्यांना डब्यातच राहू द्या, पण पाणी ओतून टाका. तळाला ओला पाचोळा पसरा, एका कोपऱ्यात बाटलीच्या झाकणात पाणी ठेवा, डब्याच्या झाकणाला भोकं हवीत, आणि डबा सावलीत. पाचोळा बागेतलाच घ्या, म्हणजे त्यातून स्प्रिंगटेलही आपोआप येतील. कदाचित आजच एखाद्याचा पहिला घास होईल. अंधार पडला की डबा टाक्याशेजारच्या पाचोळ्यात आडवा ठेवा आणि बाजूला व्हा. त्यांना बाहेर ओढायचं नाही. ज्याला जायचं ते जाईल, ज्याची शेपटी अजून थोडी बाकी आहे ते ओलीत रेंगाळेल. सकाळी डबा रिकामा असेल तर काम झालं. कोणी त्यातच बसलं असेल तर डबा काढून घ्या आणि त्याला पालथ्या कुंडीखाली सारा.

मुलीला एखादं पाळायचं असेल असं मी गृहीत धरतो, तिनं तसं म्हटलं नसलं तरी. इतक्या लहान पिल्लाला घरात रोज जिवंत, मापाचे किडे पुरवणं, वर कॅल्शियमची भुकटी, ओल आणि हवा यांचा मेळ घालणं हे अनुभवी माणसालाही जमता जमत नाही. त्यापेक्षा सोडायच्या आधी प्रत्येकाचा वरून एक फोटो काढू द्या तिला, फ्लॅश न वापरता. पुष्कळ जातींत पाठीवरच्या ठिपक्यांची आणि पट्ट्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते. अभ्यासकही त्यावरून बेडूक ओळखतात. वाढताना नक्षी थोडीफार बदलते, त्यामुळे दर महिन्याला नवा फोटो जोडावा लागेल. पुढल्या वर्षी पहिल्या पावसानंतर टाक्याच्या काठावर एखादा येऊन बसला, की तिला वही उघडून सांगता येईल, हा सातांतला तिसरा.

कुंडीखालची फट ठेवायला विसरू नका.